स्वादुपिंडाचे दुर्मिळ ट्यूमर आणि वंशाचा मुद्दा

अमेरिकेत कृष्णवर्णीय पेशंट एखाद्या कॅन्सरने गोऱ्यांपेक्षा जास्त दगावतात अशी बातमी आली की लोक लगेच म्हणतात, त्यांच्या जीन्समध्येच काहीतरी असणार. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरबद्दलही असंच बोललं जातं आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण हा ट्यूमर मुळात सापडतो कसा हे कुणी बघतच नाही.

स्वादुपिंडाचा नेहमीचा, भयंकर कॅन्सर पाचक रसाच्या नळ्यांशी संबंधित असतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर वेगळा, हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींचा, बहुतेक वेळा सावकाश वाढणारा.

आता इन्सुलिनोमा घ्या, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा ट्यूमर. निरोगी बीटा पेशीत ग्लुकोज शिरलं की एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) वाढतं, त्याने पोटॅशियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातले दरवाजे, बंद होतात, मग कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर उतरली की हे सगळं थांबतं. ट्यूमरच्या पेशी मात्र थांबत नाहीत, साखर कमी असली तरी इन्सुलिन सोडत राहतात, मग घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धी. त्यामुळे गाठ बहुतेकदा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असतानाच पकडली जाते.

पण बरेचसे ट्यूमर लक्षणं दाखवणारं हॉर्मोन सोडतच नाहीत. ते एकतर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये दिसतात, नाहीतर यकृतात पसरल्यावर. स्टीव्ह जॉब्सचा २००३ मध्ये असाच किडनीच्या स्कॅनमध्ये दिसला, आणि त्यांनी आधी आहार-बिहाराचे उपाय करत ऑपरेशन २००४ पर्यंत लांबवलं. ज्यूसने ट्यूमर विरघळतो म्हणणाऱ्यांवर कृपया विश्वास ठेवू नका.

मग स्कॅन कुणाचा होतो? ज्याच्याकडे इन्शुरन्स आहे, जवळ चांगलं हॉस्पिटल आहे त्याचा. अमेरिकेत हे वंशानुसार सारखं वाटलेलं नाही. शिवाय सर्व्हायव्हल, म्हणजे पेशंट किती काळ जगला हे, निदानाच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गाठ दोन वर्षं आधी सापडली तर मृत्यूची तारीख तीच राहूनही आकडा दोन वर्षांनी वाढतो! म्हणून तुलना करायची तर स्टेज (ट्यूमर किती पसरलाय), ग्रेड (त्याच्या पेशी किती वेगाने वाढतायत) आणि ऑपरेशन झालं की नाही हे सगळं जुळवून करायला हवी.

जीन्सचा संबंध नाहीच असं नाही. एमईएन-१ जीनमधला दोष आईवडिलांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के, पण तो घराण्यात चालतो, कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही. डॅक्स आणि एटीआरएक्स या जीन्समधले बदल तर बहुतेक वेळा ट्यूमरच्याच पेशींमध्ये नंतर घडलेले असतात.