अकरावीला विषय कोणते घ्यावेत? बारावीनंतरच्या प्रवेशांची पात्रता आणि कागदपत्रं

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेज आणि शाखेचे पसंतीक्रम भरताना सगळे डोकं लावतात. विषयांचा फॉर्म मात्र कॉलेजात प्रवेश घेताना, रांगेत उभ्या उभ्या भरला जातो. खरं तर नामांकित संस्थांमधल्या प्रवेशाची पात्रता पाहिली जाते ती याच विषयांवरून. त्यामुळे पसंतीक्रम भरण्याआधीच त्या कॉलेजात हवे ते विषय शिकवतात का, हे बघून घ्या. द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारख्या व्यावसायिक) विषयाच्या जागा मोजक्या असतात आणि त्याची फीही बहुधा वेगळी पडते.

आयआयटीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही हवेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला चांगली रँक आली तरी बारावीला 75 टक्के (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना 65) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. हे गुण पाच विषयांचे धरतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. क्लासच्या नादात इंग्रजी वाऱ्यावर सोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

नीटसाठी, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून 50 टक्के (एससी, एसटी, ओबीसींना 40), इंग्रजीत उत्तीर्ण आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण, अशा अटी आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या निर्णयानुसार जीवशास्त्र बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून दिलं तरी चालतं. तरीही डॉक्टरच व्हायचं असेल तर ते पहिल्यापासूनच घ्यावं.

गणित सोडताना मात्र दहादा विचार करा. ते नसेल तर इंजिनिअरिंगबरोबर आर्किटेक्चरही हातचं जातं. पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र) घेऊन दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो, पण मुलाचं खरोखरच ठरत नसेल तरच. केवळ आईबाबांचं एकमत होत नाही म्हणून चार जड विषय त्याच्या माथी मारू नयेत.

कॉमर्सला ‘मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)’ हा नेहमीचा पेच. एसपीत गुण मिळतात, हे खरं. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला गणित द्यावं लागतं आणि ते बारावीलाही असावं लागतं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.लाही गणित आणि इंग्रजी हवंच. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेला शाखेची अट नाही, त्यामुळे कायद्याकडे जाणाऱ्यांनी आवडीचे विषय खुशाल घ्यावेत.

अकरावी प्रवेशाला दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आरक्षण असेल तर त्याचे दाखले लागतात. खरी धावपळ पुढे होते. राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांना आरक्षित जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मागतात आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागू शकतात. म्हणून सायन्सच्या मुलांनी कॉलेजकडून पत्र घेऊन जिल्हा पडताळणी समितीकडे वेळेत अर्ज करावा. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, निकालाची वाट पाहू नये. डोमिसाईलही त्याच सुमारास काढून ठेवा. ओबीसी उमेदवारांनी आणखी एक लक्षात ठेवावं: राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला जेईई-नीटला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षात म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो. तो तहसीलमध्ये वेगळा मागून घ्यावा लागतो.