संदेश-सूचना : कार्यालयीन व्हॉइसमेल यंत्रणेतील

कार्यालयाच्या दूरध्वनी यंत्रणेत एखाद्याच्या नावे ध्वनिमुद्रित निरोप (व्हॉइसमेल) येऊन पडला आहे हे त्याला कळवण्याची, आणि निरोप ऐकून झाल्यावर ती खूण मागे घेण्याची, जी व्यवस्था असते तिला संदेश-सूचना असे म्हणतात. दूरध्वनीसंचावरील लाल दिवा, डायल टोनमधील बदल, संचाच्या पडद्यावरील चिन्ह, ईमेल, एसएमएस किंवा यंत्रणेने स्वतः मोबाइलवर केलेला कॉल, ही तिची रूपे होत. सूचना कोणाला, कोणत्या मार्गाने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावी आणि ती केव्हा मागे घेतली जावी, हे ठरवणे म्हणजे तिचे व्यवस्थापन. यांपैकी मागे घेण्याचा भाग दुय्यम मानला जातो, ते योग्य नव्हे. नवा निरोप नसताना पेटून राहिलेला दिवा हा न पेटलेल्या दिव्याइतकाच हानिकारक असतो, कारण तीन-चार वेळा व्यर्थ खेप झाल्यावर माणूस त्या दिव्याकडे पाहणेच सोडून देतो आणि पुढचा खरा निरोप पडून राहतो.

उगम : दूरध्वनीवरील निरोप साठवण्याच्या कल्पनेचा आरंभ सामान्यतः डॅनिश अभियंता व्हाल्डेमार पॉल्सन याच्या टेलिग्राफोन या यंत्रापासून धरला जातो. पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज उमटवणाऱ्या या यंत्राच्या पेटंटसाठी त्याने १८९८ मध्ये अर्ज केला आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेली उत्तरयंत्रे याच परंपरेतील असली, तरी त्यांत सूचनेचा प्रश्न वेगळा उद्भवत नव्हता. निरोप टेबलावरच्या यंत्रातच असे आणि त्याच यंत्रावरील दिवा तो दाखवी. साठवण टेबलावरून निघून मध्यवर्ती संगणकात गेली तेव्हाच टेबलावरील माणसाला दुरून कळवण्याची गरज निर्माण झाली. म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने व्हॉइसमेलचा जनक कोण, हा वाद केवळ श्रेयाचा राहत नाही; मध्यवर्ती साठवण प्रथम कोणी अमलात आणली, असे त्याचे खरे रूप आहे.

या वादात तीन दावे प्रमुख आहेत. आयबीएमच्या संशोधन केंद्रात स्टीफन बोइस यांच्या नेतृत्वाखाली १९७३ च्या सुमारास स्पीच फायलिंग सिस्टिम या प्रणालीचे काम सुरू झाले आणि १९७५ च्या आसपास तिचे प्रायोगिक रूप कंपनीतील अधिकाऱ्यांच्या वापरात आले. बाजारात मात्र ती १९८०च्या दशकाच्या आरंभी आणि वेगळ्या नावाने उतरली. रॉबिन एल्किन्स यांना ध्वनिसाठवण व वितरण प्रणालीसाठी १९७८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ मध्ये अर्ज केलेले पेटंट १९८३ मध्ये मंजूर झाले. त्यांच्या डॅलस भागातील व्हीएमएक्स या कंपनीची यंत्रणा थ्रीएम या उद्योगसमूहाने आरंभीच घेतली, आणि लोकप्रिय लेखनात व्हॉइसमेलचे जनक म्हणून त्यांचेच नाव येते. पेटंटच्या तारखा पाहिल्यास एल्किन्स, प्रत्यक्ष चालत्या यंत्रणेचा निकष लावल्यास बोइस आणि कार्यालयांना विकत घेता येईल अशी यंत्रणा हा निकष धरल्यास मॅथ्यूज पुढे येतात. कार्यालयीन उपयोगाचा विचार करता तिसरा निकष अधिक समर्पक वाटतो. मात्र त्यावरून पहिल्या दोघांचे अग्रमान नाकारता येत नाही. १९८२ मध्ये रोल्म कंपनीचे फोनमेल आले, त्याच वर्षी ऑक्टेल ही कंपनी स्थापन झाली आणि दशकाच्या अखेरीस व्हॉइसमेल हा मोठ्या कार्यालयाच्या खासगी एक्स्चेंजचा, म्हणजे आतील संच एकमेकांशी व बाहेरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्राचा, नेहमीचा भाग झाला.

संदेश-दिवा स्वतः मात्र व्हॉइसमेलपेक्षा जुना आहे. हॉटेलच्या खोलीतील संचावर असा दिवा असे आणि स्वागतकक्षात चिठ्ठी किंवा निरोप आल्यास ऑपरेटर तो पेटवी. व्हॉइसमेल यंत्रणांनी हाच दिवा उचलला. बटण दाबणाऱ्या ऑपरेटरची जागा संगणकाने घेतली, एवढाच त्यातील फरक होय.

सूचनेचे तांत्रिक मार्ग : साध्या अ‍ॅनालॉग संचावर दिवा पेटवण्याची जुनी रीत विद्युतदाबावर आधारलेली आहे. रिसीव्हर ठेवलेला असताना तारजोडीवर साधारण ४८ व्होल्ट दाब असतो. संचातील निऑन दिवा एवढ्या दाबावर पेटत नाही; एक्स्चेंजने तो सुमारे ९० व्होल्टपर्यंत चढवला की दिवा पेटतो. यासाठी एक्स्चेंजमधील कार्ड व संच दोन्ही त्या जातीचे असावे लागतात. बाजारातून आणलेला साधा संच अशा एक्स्टेंशनला जोडल्यास बोलणे नीट चालते, पण दिवा कधीच पेटत नाही, आणि दोष मात्र व्हॉइसमेलला दिला जातो. दुसऱ्या रीतीत ध्वनिवारंवारतेच्या संकेतांनी, सेकंदाला १२०० बिट या वेगाने, संचाला आज्ञा पाठवली जाते. तिसरी रीत तुटक डायल टोनची : रिसीव्हर उचलताच सलग स्वराऐवजी आधी तुटक स्वर येतो. उत्तर अमेरिकेतील प्रघातानुसार ३५० व ४४० हर्ट्झच्या मिश्र स्वराचे दशांश सेकंदाचे दहा तुकडे वाजून मग सलग स्वर सुरू होतो. हिला विशेष संच लागत नाही, पण रिसीव्हर उचलल्याखेरीज काही कळत नाही, ही तिची मर्यादा आहे.

एक्स्चेंज एका उत्पादकाचे आणि व्हॉइसमेल दुसऱ्याचे असे घडू लागल्यावर दोघांमध्ये बोलणे जुळवण्याचा प्रश्न आला. त्यावर एसएमडीआय या नावाने ओळखला जाणारा क्रमिक दुवा (एकामागून एक संकेत नेणारी केबल-जोडणी) प्रचारात आला. त्यात व्हॉइसमेल यंत्रणा एक्स्चेंजला दोनच प्रकारच्या दिवा-आज्ञा पाठवते : अमुक क्रमांकाचा दिवा लाव, आणि अमुक क्रमांकाचा काढ. आज्ञा फसली, म्हणजे क्रमांक अवैध असला किंवा त्या क्षणी ती पाळता आली नाही, तरच एक्स्चेंज उलट कळवते. यशाची पोच देत नाही. या रचनेचा परिणाम दूरगामी आहे. दुव्याची केबल सैल झाली किंवा एखादे टोक बंद असले, तर आज्ञा हरवते आणि ती हरवल्याचे कोणत्याच बाजूस कळत नाही. मेलबॉक्सची, म्हणजे एकेकाच्या निरोपांच्या साठ्याची, स्थिती एका संगणकात आणि दिव्याची स्थिती दुसऱ्यात राहून दोन्ही एकमेकांपासून फारकत घेतात. यावरचा प्रस्थापित उपाय म्हणजे रोज रात्री कामकाज नसताना सर्व एक्स्टेंशनचे दिवे मेलबॉक्सच्या खऱ्या स्थितीशी पुन्हा जुळवून घेणे. पुष्कळ यंत्रणांत ही सोय असते, पण ती चालू केलेली नसते. तक्रार आलेल्या एका संचाचा दिवा हाताने विझवून देण्याने मूळ फारकत मिटत नाही, हे देखभाल करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. वेगवेगळ्या खासगी एक्स्चेंजांना जोडणाऱ्या क्यूसिग या संकेतपद्धतीत पुढे लावणे व काढणे यांच्या जोडीला विचारणा हीही क्रिया देण्यात आली. म्हणजे दिवा सांभाळणाऱ्या एक्स्चेंजला स्थिती आपणहून विचारून घेता येऊ लागली.

इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या दूरध्वनींसाठी सिप या संकेतपद्धतीतील सूचनेचे प्रमाण आरएफसी ३८४२ या दस्तऐवजाने ऑगस्ट २००४ मध्ये निश्चित केले. यात संच आपल्या मेलबॉक्सची वर्गणी (सबस्क्रिप्शन, म्हणजे बदल कळवत राहण्याची मागणी) नोंदवतो आणि स्थिती बदलली की यंत्रणा त्याला सूचना पाठवते. सूचनेत निरोप आहे की नाही याखेरीज नवे किती, जुने किती आणि त्यांतील तातडीचे किती, हेही सांगता येते. वर्गणीची मुदत वेगळी सांगितलेली नसल्यास ती एक तासाची धरली जाते आणि संपण्याआधी संचाने तिचे नूतनीकरण करायचे असते. वर्गणी नोंदताच यंत्रणेने तत्काळ सद्यःस्थिती कळवावी, असा नियम आहे. जुन्या क्रमिक दुव्यात रात्रीच्या जुळवणीने जे साधावे लागे ते येथे पद्धतीच्या अंगातच आहे, आणि आधीच्या मार्गांपेक्षा ही पद्धत श्रेष्ठ ठरते ती प्रामुख्याने याच कारणाने.

भारतातील व खानदेशातील स्थिती : भारतात व्हॉइसमेल ही मूल्यवर्धित सेवा जुलै १९९२ मध्ये ईमेल, रेडिओ पेजिंग आदी सेवांसह खासगी गुंतवणुकीस खुली झाली. सार्वजनिक सेवा म्हणून तिने फारसे मूळ धरले नाही. मिस्ड कॉलने आणि नंतर मोबाइलवरील ध्वनिसंदेशांनी ती जागा बहुतांशी भरून काढली. कार्यालयांत मात्र ईपीएबीएक्सचा, म्हणजे खासगी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजचा, भाग म्हणून तिचा उपयोग चालू राहिला.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात अंतर्गत दूरध्वनीची मोठी परंपरा भुसावळच्या रेल्वे विभागाची होय; रेल्वेचे दूरध्वनी जाळे सार्वजनिक जाळ्याहून स्वतंत्र राहिले आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाइप व डाळ उद्योग, शिरपूर व दोंडाईचा येथील कारखाने, सहकारी संस्था, बँका व रुग्णालये ही ईपीएबीएक्सची नेहमीची क्षेत्रे होत. येथील लहान कार्यालयात एक्स्टेंशन थोडी आणि ऑपरेटर एकच असल्याने प्रत्येकाच्या स्वतंत्र मेलबॉक्सपेक्षा विभागाचा सामाईक मेलबॉक्स अधिक सोयीचा पडतो. अशा मेलबॉक्सची सूचना एकाच वेळी अनेक संचांवर जाते आणि कोणीही एकाने निरोप ऐकला की सर्वांचे दिवे विझतात. म्हणून ऐकणाऱ्याने निरोप वहीत नोंदवून संबंधिताकडे पोचवण्याची जबाबदारी आधीच ठरवून द्यावी लागते. हे काम यंत्र करू शकत नाही.

सूचनेच्या वेळेचा प्रश्न केळीच्या व्यापारात स्पष्ट दिसतो. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून बाहेरगावी जाणारा माल नाशवंत असतो, आणि ट्रक वाटेत बिघडल्याचा रात्री अकराचा निरोप सकाळी दहाला दिवा पाहून ऐकला तर त्याचा उपयोग उरत नाही. येथे टप्प्याटप्प्याची सूचना योजावी : कार्यालयीन वेळेत केवळ दिवा, वेळेबाहेर तातडीची खूण असलेल्या निरोपासाठी पहारेकऱ्याच्या किंवा व्यवस्थापकाच्या मोबाइलवर कॉल, ठरावीक मिनिटांत निरोप ऐकला गेला नाही तर पुढच्या क्रमांकावर कॉल. सर्वच निरोपांसाठी रात्री कॉल लावून ठेवल्यास लोक तो मार्ग बंद करून टाकतात, म्हणून तातडीची मर्यादा कडक राखणे आवश्यक आहे.

भारनियमनाचा भागही विचारात घ्यावा लागतो. वीज जाऊन आल्यावर सिप संच पुन्हा वर्गणी नोंदवतात आणि दिवे आपोआप जुळतात, तर जुन्या एक्स्चेंजमध्ये दिव्यांची स्थिती वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली नसेल तर सर्व दिवे विझलेलेच राहतात आणि निरोप मात्र मेलबॉक्समध्ये असतात. घड्याळाची बॅटरी संपलेली असल्यास निरोपावर उमटणारी तारीख व वेळही चुकते, आणि पैशाच्या किंवा मालाच्या व्यवहारात ही चूक महाग पडते. एक्स्चेंज, व्हॉइसमेल संगणक व नेटवर्क स्विच ही तिन्ही एकाच बॅटरी-आधारावर असावीत. त्यांतील एकच चालू राहिल्याने काही साधत नाही.

ईमेल व एसएमएस : ईमेलद्वारे सूचना देताना निरोपाची ध्वनिफीत सोबत जोडता येते. दूरध्वनीच्या नेहमीच्या, सेकंदाला ६४ किलोबिटच्या संकेतनात (आवाज अंकांत बदलण्याच्या पद्धतीत) एका मिनिटाचा निरोप सुमारे ४८० किलोबाइटचा होतो आणि ईमेलसाठीच्या रूपांतरात त्यात आणखी एक तृतीयांश भर पडते. जीएसएम संकेतनात तोच सुमारे १०० किलोबाइटमध्ये मावतो. खरी अडचण आकाराची नसून हिशोबाची आहे. जोडलेली फीत ईमेलमध्ये ऐकली तरी मेलबॉक्समधील मूळ निरोप नवाच राहतो आणि दिवा पेटलेला राहतो. यावर तीन मार्ग आहेत : ईमेल गेल्यावर मूळ प्रत पुसणे, ईमेलमध्ये फीत न जोडता केवळ वर्दी देणे, किंवा ईमेल व व्हॉइसमेल यांची साठवण एकच करणे. पहिला मार्ग अ‍ॅस्टेरिस्क या मुक्त दूरध्वनी प्रणालीत केवळ एका मांडणी-ओळीने चालू होतो आणि म्हणूनच पुष्कळदा विचार न करता चालू केला जातो. ईमेल वाटेत अडकला किंवा स्पॅममध्ये गेला तर निरोप कायमचा नाहीसा होतो. लहान कार्यालयास दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे. तिसरा सर्वांत नेटका असला तरी त्याच्या देखभालीस जाणकार माणूस लागतो.

निरोपाचे लेखी रूपांतर ईमेलमध्ये देण्याची सोय आता उपलब्ध आहे, पण खानदेशात तिच्यावर विसंबण्यापूर्वी चाचणी घ्यावी. फोन करणारा शेतकरी अहिराणीत, लेवा बोलीत किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात पावरीत बोलेल, आणि प्रमाण मराठी किंवा हिंदीसाठी घडवलेली यंत्रणा त्यातील भाव, वजन व गावांची नावे चुकीची लिहू शकते. लेखी रूप हे निरोप ऐकण्याची घाई किती आहे हे ठरवण्यापुरते वापरावे. त्यावरून व्यवहार करू नये.

एसएमएसने सूचना पाठवायची असल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रेषकनाम व मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंदणीकृत साच्याशी न जुळणारा एसएमएस दूरसंचार कंपनीकडून अडवला जातो. तेव्हा सूचनेच्या मजकुरात नंतर किरकोळ बदल केला तरी साचा पुन्हा नोंदवणे भाग असते.

सुरक्षितता : सूचना ज्या क्रमांकावर जावी तो क्रमांक बऱ्याच यंत्रणांत वापरणारा स्वतः फोनवरून बदलू शकतो. मेलबॉक्सचा पिन यंत्रणेसोबत आलेला मूळचाच किंवा एक्स्टेंशन क्रमांकासारखाच ठेवलेला असल्यास बाहेरचा माणूस तो ओळखून सूचनेचा क्रमांक परदेशातील महागड्या सेवेचा करून ठेवतो. मग तो स्वतःच त्या मेलबॉक्समध्ये निरोप सोडत राहिल्यास कार्यालयाची यंत्रणा त्या क्रमांकावर वारंवार कॉल करते आणि बिल कार्यालयाला येते. म्हणून बाहेर कॉल करणाऱ्या सूचनेला आंतरराष्ट्रीय सेवा पूर्णतः बंद ठेवावी, चुकीच्या पिनच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा मेलबॉक्स त्याच दिवशी बंद करून त्यावर येणारे कॉल विभागाच्या सामाईक मेलबॉक्सकडे वळवावेत.