कोळसा होऊन वाचवणारं कापड

भाचा बुटीबोरीला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये लागला, म्हणून परवा सीताबर्डीवर त्याच्यासाठी शर्ट बघायला गेलो. "फायरप्रूफ आहे न भाऊ, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. मी शिवणीतला एक धागा मागून घेतला आणि बाहेर येऊन काडी लावली. टोकाला काळा, टणक मणी झाला. पॉलिएस्टर! ते २५०-२६० अंशांना वितळून कातडीला चिकटतं. टेरिकॉटमध्ये, म्हणजे पॉलिएस्टर-कापसाच्या मिश्रणात, तर कापसाचा जळका सांगाडा त्या वितळलेल्या रसाला वातीसारखा धरून ठेवतो.

फायरप्रूफ शर्ट असा नसतोच. अग्निरोधक कापडही ज्वाळेत जळतं, पण ज्वाळा हटली की आपोआप विझतं.

हे कसं होतं, त्यात खरी मजा आहे. आग कापडाला लागत नाही, त्यातून निघणाऱ्या वाफेला लागते. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. तीनेकशे अंशांच्या पुढे ती तुटते, लेव्होग्लुकोसान तयार होतं, त्याच्या ज्वलनशील वाफा पेटतात आणि त्यांची उष्णता पुढची साखळी तोडते. आता धाग्यात फॉस्फरस असेल, तर तापताच त्याचं आम्ल होतं आणि साखळी तुटण्याआधीच ते तिच्यातला हायड्रोजन-ऑक्सिजन पाणी करून काढून घेतं. एका कडीतून पाण्याचे पाच रेणू गेले की उरतात कार्बनचे सहा अणू. शाळेत साखरेवर सल्फ्युरिक आम्ल ओतल्यावर फुगून वर आलेला काळा खांब आठवतो? तेच. जळण वाफ होण्याऐवजी कोळसा होऊन जागेवर बसतं.

फ्रान्सच्या अठराव्या लुईसाठी गे-ल्युसॅकने १८२१ साली नाटकगृहांतल्या कापडांवर अमोनियम फॉस्फेट वापरलं होतं, पण ते पाण्यात धुऊन जायचं. आज टेट्राकिस-हायड्रॉक्सिमिथिल-फॉस्फोनियमचा क्षार (दम लागला ना?) तंतूच्या आत शिरवून अमोनियाने तिथेच त्याचं जाळं विणतात. ॲरामिड या कृत्रिम धाग्याला असल्या प्रक्रियेची गरज नसते, त्याचा रेणूच तसा. मात्र खिसा हलका होतो.

पॅनेलमध्ये विजेचा भडका उडाला तर कापड किती उष्णता झेलेल, हे लेबलवरचं रेटिंग सांगतं: दर चौरस सेंटिमीटरला किती कॅलरी, हा आकडा बघा. उघड्या कातडीला फोड यायला १.२ पुरतात. भाच्याच्या पॅनेलला लिंबू-मिरची टांगलेली आहे. तिचं रेटिंग कुणी मोजलेलं नाही. आत बनियन सुतीच हवं, नायलॉनचं नको. आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी बाह्या दुमडायच्या नाहीत. हे नागपुरात सांगणं सोपं, पाळणं कठीण.

धुण्यात खरा घोळ होतो. क्लोरीनचं ब्लीच फॉस्फरसचं जाळं खातं. ग्रीसचा डाग म्हणजे सरळ इंधन. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि धाग्यावर कॅल्शियम स्टिअरेटचा थर बसतो, म्हणजे मेणबत्तीचा चुलतभाऊच. म्हणून डिटर्जंट वापरायचं. सॉफ्टनर नको, स्टार्चही नको.

बहिणीला फोन करून एवढं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे दादा, पण स्टार्च नाही तर कॉलर उभी कशी राहील?"