उतरत्या छपरावरील धुराड्याचे काम

कौलारू किंवा पत्र्याच्या उतरत्या छपरातून वर आलेल्या धुराड्याची सफाई, दुरुस्ती, टोपी बदलणे आणि धुराडे व छप्पर यांच्यामधला सांधा बुजवणे यांसाठी छपरावर चढून सुरक्षितपणे काम करण्याची पद्धत. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम तीन ठिकाणी वारंवार निघते : चुलीच्या किंवा न्हाणीतल्या बंबाच्या धुराड्याचे घर, गुऱ्हाळघर आणि भट्टी असलेली बेकरी अथवा फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना). या कामात एक मूळचीच अडचण आहे. धुराड्याचा सांधा गळतो म्हणून माणूस वर चढतो, आणि त्याच गळतीने सांध्याभोवतीच्या रिपा (कौले अडकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) व वासे कुजलेले असतात. म्हणजे जिथे उभे राहायचे, तिथलेच लाकूड साऱ्या छपरात कमजोर असते. पुढची सर्व खबरदारी या एका गोष्टीभोवती फिरते.

छपराची रचना : मंगलोरी कौल साधारण १६ इंच लांब, ९ इंच रुंद आणि दोन ते अडीच किलो वजनाचे असते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यावर हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरले. कौल रिपेवर नुसते अडकलेले असते, खिळलेले नसते. रिपा वाशांवर आणि वासे आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) व भिंत यांवर टेकतात. माणसाचा भार कौलाने पेलायचा नसून रीप जिथे वाशाला ओलांडते त्या जागेने पेलायचा असतो. दोन वाशांच्या मधोमध पाय पडला तर कौल फुटते, रीप मोडते आणि माणूस थेट घरात पडतो. छपरावरून घसरून पडण्याइतकाच हा आतून पडण्याचा धोका मोठा आहे, पण त्याकडे कमी लक्ष जाते.

सिमेंटचा पत्रा याहून फसवा. तो जुना झाला की वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली पापडासारखा तुटतो. खिळ्यांच्या रांगेखाली परलीन (पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी) असते हे खरे, पण त्या रांगेवरून चालणेही सुरक्षित नाही. दोन-तीन परलिनींवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकूनच जावे. फाउंड्रीच्या छपरात उजेडासाठी घातलेले फायबरचे पत्रे धूळ व काजळी बसून इतर पत्र्यांसारखेच काळे होतात. ते खालून, शेडच्या आतून बघून खडूने खूण करून घ्यावेत. घराच्या छपरातले काचेचे कौलही असेच आधी मोजून ठेवावे.

हंगाम : जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडे पाऊस बेताचा, पश्चिमेला गगनबावड्याकडे त्याच्या कितीतरी पट. पश्चिमेकडच्या तालुक्यांत कौले शेवाळतात आणि लाकूड महिनोन्महिने ओले राहते. घरांची कामे वैशाखात, कौले परतताना (काढून पुन्हा नीट लावताना) उरकली जातात. तेव्हा छप्पर कोरडे असते, पण दुपारनंतर वळीव गाठतो. ढग गडगडला की हत्यारे वर ठेवून का होईना, खाली उतरावे. गुऱ्हाळांचे उलट आहे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होत असल्याने धुराड्याची डागडुजी भाद्रपद-आश्विनात येते, म्हणजे शेवाळ ताजे आणि वासे पावसाने भिजलेले असताना. त्यामुळे एकाच माणसाला मे महिन्यात सोपे गेलेले छप्पर ऑक्टोबरात दगा देऊ शकते. थंडीत दव सुकेपर्यंत, साधारण नऊ वाजेपर्यंत, कौलावर पाय ठेवू नये.

चढण्यापूर्वी : चूल किंवा चुलवण (गुऱ्हाळाची मोठी चूल) आदल्या दिवशीच विझवावे. विटांनी बांधलेल्या भट्टीत रात्रभर धग टिकते आणि धुराड्याच्या तोंडाशी वाकणाऱ्याच्या नाकात विषारी वायू जातो. त्याला वासही नसतो. घरावर येणारी विजेची तार वळचणीजवळूनच जात असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. अॅल्युमिनियमची शिडी आणि धुराड्याचा लांब पाइप ही त्या तारेजवळ सर्वांत धोक्याची साधने होत.

नंतर घरात शिरून, माळ्यावरून बॅटरीने धुराड्याभोवतालचे तीन-तीन फूट लाकूड तपासावे. पेचकसाचे टोक वाशात दाबून पाहावे. ते अर्धा इंच सहज आत गेले तर तो वासा कुजला आहे असे धरावे आणि खालून टेकू दिल्याशिवाय वर चढू नये. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी आहे. गांधील माश्यांचे पोळे आणि कौलाखालचे विंचू याच वेळी दिसतात. वर तोल सांभाळत असताना माशी चावणे हे पडण्याचे खरोखरचे कारण आहे.

शिड्या : जमिनीवरच्या शिडीचा पाया उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका भिंतीपासून दूर असावा, वळचण १२ फुटांवर असेल तर ३ फूट. शिडी वळचणीच्या वर किमान ३ फूट निघावी आणि वरच्या टोकाला बांधावी. पन्हळीवर शिडी टेकवू नये.

छपरावर दुसरी, उताराला धरून निजलेली शिडी लागते, आणि या कामातले सर्वांत महत्त्वाचे साधन तीच. आढ्यावरची दोन-तीन कौले काढून शिडीच्या डोक्याचे लोखंडी आकडे थेट आढ्याच्या लाकडावर अडकवावेत, शिवाय दोराने आवळावे. शिडीखाली गोणपाटाच्या घड्या ठेवाव्यात, म्हणजे भार अनेक कौलांवर वाटला जातो. माणूस वर असताना हात-पाय शिडीवरच ठेवतो. एकही पाऊल मोकळ्या कौलावर पडत नाही, हीच या शिडीची कसोटी.

दोर आणि पट्टा : कमरेचा पट्टा वापरू नये, पडताना तो पोटात व मणक्यात रुततो. पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. पण नुसता हार्नेस घालून भागत नाही, हे इथे नीट समजून घ्यावे. १.८ मीटरचा दोर, झटका शोषणाऱ्या पट्टीचे उलगडणे, कडीपासून पायापर्यंतची उंची आणि थोडी मोकळीक असा हिशेब केला तर माणूस थांबेपर्यंत जवळजवळ ६ मीटर लागतात. बैठ्या घराची वळचण ३ ते ४ मीटरवर असते. म्हणजे दोर ताणला जाण्याआधी माणूस जमिनीवर आदळलेला असतो. म्हणून घरावर दोराची लांबी अशी बांधावी की माणूस वळचणीच्या दोन फूट आधीच थांबेल. पडणाऱ्याला झेलणारा दोर नको, कडेपर्यंत पोहोचूच न देणारा दोर हवा.

दोराचे टोक पलीकडच्या पाख्यावरून (छपराच्या दुसऱ्या उतारावरून) उतरवून जाडजूड झाडाला किंवा दगडी खांबाला बांधावे, आढ्यावर तो घासू नये म्हणून गोणपाट ठेवावे. उभ्या ट्रॅक्टरला किंवा ट्रॉलीला कधीही बांधू नये. कोणीतरी येऊन गाडी काढतो. धुराड्याला तर मुळीच नाही. मातीत किंवा चुन्यात रचलेले, उन्हापावसाने सांधे पोकळ झालेले धुराडे बाजूच्या ओढीला टिकत नाही, आणि पडले तर माणसाच्या अंगावरच येते. दोर धुराड्याच्या सरळ वरच्या रेषेत असावा. तो बाजूला असला तर घसरलेला माणूस लंबकासारखा झुलून भिंतीच्या टोकावर आपटतो. बैलांचा कासरा किंवा बाजारातला पिवळा प्लॅस्टिकचा दोर चालत नाही. प्लॅस्टिकचा दोर उन्हाने चुरतो.

प्रत्यक्ष काम : धुराड्याभोवतीची कौले आधी काढून उघडा सांगाडा पाहावा. कौल काढताना त्याच्या वरच्या कौलाची कड एका हाताने उचलावी, खालचे कौल किंचित वर सरकवावे म्हणजे त्याच्या पाठीचे बोंड रिपेवरून सुटते, मग बाहेर ओढावे. बोटाने टिचकी मारावी : चांगले कौल खणखणीत वाजते, चिरलेले बद्द बोलते. काढलेली कौले छपरावर रचू नयेत, कप्पीने बादलीतून खाली सोडावीत. हातोडा, थापी, छन्नी मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधलेली असावीत. खाली किमान एक माणूस असावा, मात्र पागोळ्यांच्या रेषेपासून दूर उभा.

गुऱ्हाळाचे धुराडे पत्र्याचे असेल तर त्याला शिडी टेकण्याआधी बुडापासून हातोडीने वाजवावे. पत्रा आतून गंजून कागदासारखा पातळ होतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसतो. धुराडे ताणून उभे धरणाऱ्या तारांपैकी एका वेळी एकच सोडावी. टोपी बसवताना वारा असेल तर काम थांबवावे, कारण हातातला पत्रा शिडासारखा ओढतो.

घसरून दोराला लटकलेला माणूस शुद्धीवर असला तरी त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे. मांड्यांतले पट्टे रक्त अडवतात आणि भोवळ येते. उतरवायचे कसे, हे चढण्यापूर्वीच ठरलेले असावे. जमिनीवर पडलेल्याला हातापायाला धरून उचलू नये; १०८ ला फोन करून, फळी मिळेपर्यंत मान न हलवता तसाच ठेवावा.

सांध्याचा पत्रा वरच्या बाजूला कौलांच्या खाली आणि खालच्या बाजूला कौलांच्या वर यावा. उलटा बसला तर पाणी आत वळते आणि पुढच्या वर्षी तेच लाकूड पुन्हा कुजते. कौले खालून वर लावत यावे आणि शिडी काढल्यावर आढ्यावरची शेवटची कौले बसवावीत. ती बसवणारा दोरालाच बांधलेला असावा. शेवटी खालच्या माणसाने माळ्यावर जाऊन दिवा बंद करावा आणि कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते पाहावे, वरच्याने तोवर दोर सोडू नये.