रिव्हर्स मॉर्गेज आलं कुठून आणि नागपुरात ते कुठं अडकतं

रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर सध्या दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरून राहिलेत. एकात रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे जणू सरकारनं दिलेली दुसरी पेन्शन, आणि दुसऱ्यात अमेरिकेतल्या म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढल्याचा व्हिडिओ. दोन्ही अर्धवट.

प्रकार असा की घर बँकेकडे गहाण, राहायचं त्याच घरात, आणि हप्ता आपण भरायचा नाही, बँक आपल्याला देते. व्याज मात्र चढत राहतं आणि वसुली नवरा-बायको दोघंही गेल्यावर.

याचं मूळ अमेरिकेत. 1961 मध्ये मेन राज्यातल्या पोर्टलंडला एका छोट्या बचत संस्थेनं एका विधवेला असं कर्ज दिलं, तिचा नवरा फुटबॉल कोच होता, तो गेल्यावर तिला घर सोडावं लागू नये एवढाच हेतू. पुढे 1988 मध्ये कायदा होऊन अशा कर्जांना सरकारी विमा देणारी योजना आली, वयाची अट 62. आणि व्हिडिओतल्यासारख्या बायांची गोष्ट इथूनच सुरू होते, कारण बायको 62 ची नसली तर कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घ्यायचे, आणि तो गेला की तिच्या हातात घर खाली करायची नोटीस. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 पासूनच्या कर्जांमध्ये अशा जोडीदाराला संरक्षण मिळालं. दुसरी अडचण प्रॉपर्टी टॅक्स आणि घराच्या विम्याची, ते भरायला पैसेच उरत नव्हते म्हणून घरं गेली, शेवटी 2015 पासून कर्ज देण्याआधी माणसाची ऐपत तपासणं सुरू झालं.

ब्रिटनमध्ये तर 1980 च्या दशकाच्या शेवटी एजंटांनी म्हाताऱ्यांना घरावर कर्ज काढून तो पैसा बाँडमध्ये टाकायला लावला. व्याजदर 15 टक्क्यांवर गेले, घरांचे भाव पडले आणि सगळं अंगावर आलं. मग 1991 मध्ये असं कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी मिळून नियम केला की कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त वसूल करायचं नाही.

आपल्याकडे हे आलं 2007 च्या बजेटमध्ये, चिदंबरम अर्थमंत्री होते. नॅशनल हाउसिंग बँकेनं मे महिन्यात मार्गदर्शक नियम काढले: वय 60, जोडीदार 55, घर स्वतः कमावलेलं आणि स्वतः राहतं. किमतीपेक्षा जास्त वसुली नाही ही अट आपल्याला सुरुवातीपासूनच मिळाली. 2008 मध्ये मिळणाऱ्या रकमेवरचा इन्कम टॅक्सही माफ झाला.

मग धोका कुठं? माझ्या मते मुदतीत. बँकेनं पैसे द्यायची मुदत सुरुवातीला 15 वर्षं होती, नंतर 20 झाली, पण माणूस मुदत बघून मरत नाही ना बाप्पा. घरात शेवटपर्यंत राहता येतं, पण पैसे मात्र बंद. समजा महिन्याला 10,000, व्याज 10 टक्के, तर 15 वर्षांत हातात आले 18 लाख आणि कर्ज झालं 41 लाखांच्या वर, आणि पुढची पाच वर्षं एक पैसा न मिळता तेच कर्ज 68 लाखांवर जातं. त्यात महागाई 6 टक्के धरली तर शेवटच्या वर्षीच्या 10,000 ला आजच्या 4,200 एवढीच किंमत. हीच अडचण ओळखून 2009 मध्ये विमा कंपनीच्या ॲन्युइटीतून, म्हणजे पेन्शनसारख्या योजनेतून, मरेपर्यंत पैसे देणारा प्रकार आला, पण त्याची जाहिरात तरी किती लोकांनी पाहिली असेल.

आता नागपूर. ज्याला खरंच गरज आहे, म्हणजे ईपीएस-95 (पीएफवाल्यांची पेन्शन योजना) वाला, ज्याची किमान पेन्शन 2014 मध्ये 1000 रुपये ठरली, त्याचं घर बहुतेक मानेवाडा, नंदनवनकडच्या एखाद्या लेआउटमध्ये असतं. प्लॉट घेतला तेव्हा लेआउट मंजूर नव्हता, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल म्हणजे रिलीज लेटर आहे का, नकाशा मंजूर आहे का, इथंच फाइल थांबते. जुन्या महाल भागातले वाडे तर वडिलोपार्जित, चार भावांची नावं, ते आधीच बाद. लीजचा प्लॉट असला तर एनओसीच्या चकरा वेगळ्या. सगळे कागद नीट असतात ते धरमपेठ, लक्ष्मीनगरवाल्यांचे आणि त्यांना बरेचदा गरज नसते.

आणि बारीक अक्षरातल्या अटी तर आपल्या राहणीवरच येतात. वरच्या दोन खोल्या बाहेरच्या पोरांना भाड्यानं देणं इथं किती कॉमन आहे, पण 2007 च्या नियमांत घराचा भाग भाड्यानं देणं हे कर्ज परत मागायचं कारण धरलंय. टायटलवर मुलाचं नाव चढवलं, टॅक्स थकवला, घराचा विमा बंद पडला, तरी तेच. पुण्याला मुलाकडे गेलो, नातू लहान म्हणून थांबलो आणि सलग वर्षभर घरात राहिलो नाही, तरी बँक कर्ज मागू शकते. मुलांनी घर ठेवायचं म्हटलं तर कर्ज फेडायचा पहिला हक्क त्यांचा, विकलं तर वरचे पैसेही त्यांचेच, पण घरी यावर बोललेलं असतं कुठं, आणि सही केल्यावर रद्द करायला मिळतात फक्त तीन दिवस.