सफाई आहे, धग कुठे गेली?

जळगावच्या एका तरुण रॉक बँडचा नवा अल्बम सध्या धुळे-नंदुरबारपर्यंत ऐकला जातोय. वादन सफाईदार, एक सूर इकडचा तिकडे नाही. तरी अंगावर काटा येत नाही. तिसऱ्या गाण्यात ध्रुवपदाआधी ड्रम चढतात, आवाज वाढतो, पण लय तसूभरही पुढे सरकत नाही. पोरांचा रियाज कमी पडलाय असं अजिबात नाही. ध्वनिमुद्रणाची जी रीत त्यांच्या हाती आली, तिच्यातच हे मुरलेलं आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, तीनेक मिनिटांत आटपायचं. चुकलं तर मेणाची तबकडी बाद. १९२५ च्या सुमारास मुद्रणात मायक्रोफोन आला, तरी सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी वाजवायची सक्ती राहिलीच. ती मोडली टेपने. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करून नंतर जुळवता येणारं यंत्र घेतलं. ड्रम आज, गिटार उद्या, गाणं परवा, असं करणं हळूहळू सगळ्यांनाच जमू लागलं. त्यातून उत्तम संगीतही झालं, पण वादकांना एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नाही.

इंडी रॉकचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांविना स्वतःच्या बळावर काढलेल्या रॉकचा, उगम याच्या उलटा. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ५०० पौंड उसने घेतले, काही तासांत चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच लेबलवर हजार प्रती काढल्या. त्या मुद्रणात खरखर आहे, घाई आहे, आणि सगळा जोर त्या घाईतच आहे. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनेही १९९७ मध्ये थेट मैफलीतलं मुद्रणच अल्बम म्हणून काढलं.

त्याच वर्षी गाणाऱ्याचा चुकलेला सूर संगणकावर सुधारणारं ऑटोट्यून बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलसाठे हुडकण्यासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं विश्लेषण करत. तेच गणित गळ्याला लागू झालं. १९९१ मध्ये आलेलं प्रो टूल्स हे संगणकावर मुद्रण आणि काटछाट करायचं सॉफ्टवेअर होतंच. पुढे स्टुडिओ लॅपटॉपमध्ये मावला आणि खान्देशातल्या पोराला मुंबई गाठायची गरज राहिली नाही. हा फायदा फार मोठा आहे. पण घरात ड्रम वाजवले तर शेजारी दार ठोठावतात, म्हणून ड्रम संगणकावरच रचायचे. बाकीच्यांनी कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, घालून एकेकट्याने वाजवायचं. मग प्रत्येक ठोका पडद्यावरच्या समान अंतराच्या रेघांवर, म्हणजे ग्रिडवर, ओढून बसवायचा. कानाला न खटकलेलं डोळ्यांना वाकडं दिसतं, आणि सरळ केलं जातं.

आपल्याकडच्या वरातीत ढोलवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो, बँजोवाला ढोलवाल्याच्या हाताकडे. नवरदेव मांडवाजवळ आला की लय आपोआप चढते. कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या रात्री बायका अहिराणी गाणी म्हणतात, तेव्हा एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी ओळ उचलते. ही पोरं यातच वाढली. स्टेजवर ती अशीच वाजवतात. हेच तिसरं गाणं कॉलेजच्या मैदानावर ऐकलं तेव्हा शेवटाकडे ते चांगलंच पळत होतं, आणि समोरची गर्दीही.

पुढचा अल्बम त्यांनी एकत्र बसून, क्लिकशिवाय मुद्रित करावा. लग्नसराई सरली की मंगल कार्यालयाचा हॉल दिवसभरासाठी मिळतो, आणि घुमणारा आवाज भिंतींना गाद्या लावून बराच आवरता येतो.