फक्त प्याद्यांचं बुद्धिबळ संगणकाने कसं उकलायचं

पटावरून राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे सगळे उचलून ठेवा. उरली दोन्ही बाजूंची आठ-आठ प्यादी. चाली नेहमीच्याच: पुढे एक घर, मूळ ओळीतून हवं तर दोन, तिरकं मारणं आणि एन पासां (दोन घरं उडी घेऊन शेजारी आलेल्या प्याद्याला, ते एकच घर आल्यासारखं, लगेचच्या चालीत मारणं). ज्याचं प्यादं आधी शेवटच्या ओळीत पोहोचेल तो जिंकला, ज्याला चालच उरली नाही तो हरला. या दुसऱ्या नियमामुळे बरोबरी निकालात निघते आणि प्रत्येक स्थितीचं उत्तर एका बिटात मावतं: ज्याची पाळी आहे तो जिंकणार की हरणार.

याचं प्रसिद्ध छोटं रूप म्हणजे ३×३ पटावरचा, दुहेरी चाल नसलेला हेक्सापॉन. मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये तो २४ काडेपेट्यांच्या ‘शिकणाऱ्या यंत्रा’सकट मांडला होता. त्यात दुसरा खेळणारा हमखास जिंकतो. कागदावर तासाभरात पडताळता येईल इतकंच ते काम आहे.

आठ पट्ट्यांच्या पटावर कागद पुरत नाही. पण एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: प्यादं मागे येत नाही. शेवटच्या ओळीआधी प्रत्येक प्याद्याला फार तर पाच चाली असतात. सोळा प्याद्यांच्या ८० आणि जिंकणारी एक, म्हणजे ८१ चालींच्या आत डाव संपतोच. एकच स्थिती पुन्हा येऊ शकत नाही. पूर्ण बुद्धिबळात पुनरावृत्तीमुळे तीच स्थिती कोणत्या वाटेने आली यावर निकाल बदलू शकतो, आणि साठवलेली उत्तरं अधूनमधून दगा देतात. इथे ती भानगड नाही. एकदा काढलेलं उत्तर कायमचं.

स्थिती किती? मधल्या सहा ओळींच्या ४८ घरांत आठ पांढरी आणि आठ काळी प्यादी नुसती पसरली तर सुमारे २.९ कोटी अब्ज रचना होतात. हा आकडा पाहून घाबरू नये. जोवर मारामारी झालेली नाही, तोवर प्रत्येक उभ्या पट्टीत एक पांढरं आणि त्याच्यापुढे एक काळं प्यादं असतं. सहा घरांत अशा जोडीच्या १५ जागा, म्हणून आठ पट्ट्यांत १५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २५६ कोटी. मात्र पहिलं प्यादं पडलं की मारणारं शेजारच्या पट्टीत जातं आणि ही मर्यादा एकदम अकरापटीने फुगते. खरी मेहनत त्या मधल्या टप्प्यात आहे.

चाली काढायला दोन ६४-बिटी संख्या पुरतात: एक पांढऱ्यांची, एक काळ्यांची. प्रत्येक घराला एक बिट, प्यादं असेल तर १, नसेल तर ०. ए१ ला (पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं घर) शून्यावा बिट धरला तर पांढऱ्याची पुढची चाल म्हणजे आठ बिटांची डावी सरक, आणि मारणं म्हणजे सात किंवा नऊ बिटांची. इथली नेहमीची चूक अशी: एच पट्टीतलं प्यादं नऊने सरकवलं की ते पटाला वळसा घालून ए पट्टीत उगवतं. म्हणून नऊच्या सरकेनंतर ए पट्टी आणि सातच्या सरकेनंतर एच पट्टी पुसावी लागते.

शोध अल्फा-बीटा पद्धतीचाच: ज्या फांद्यांनी निकाल बदलू शकत नाही, त्या न तपासता छाटायच्या. आधी मारण्याच्या चाली, मग सर्वांत पुढे गेलेलं प्यादं. हा क्रम चुकला तर छाटणीचा फायदा बराचसा जातो. पाळी असलेल्याचं प्यादं शेवटून दुसऱ्या ओळीत असेल तर शोधच नको. पुढचं घर रिकामंच असतं, तो जिंकला.

उत्तरांच्या तक्त्यासाठी झोब्रिस्टची १९७० सालची हॅश पद्धत वापरतात; ती प्रत्येक स्थितीला एक ओळख-संख्या (हॅश) देते. पण फक्त ६४-बिटी हॅशवर विसंबू नका. शंभर कोटी स्थिती साठवल्या तर कुठेतरी दोन स्थितींचा हॅश जुळण्याची शक्यता सुमारे २.७ टक्के असते. खेळायच्या प्रोग्रॅमला ते चालेल, सिद्धतेला नाही. तिथे हॅशसोबत पूर्ण स्थिती ठेवा: ४८ अधिक ४८ बिट, पाळी, आणि एन पासांची पट्टी. ही पट्टीही खरोखर मारता येत असेल तेव्हाच नोंदवायची, नाहीतर एकाच स्थितीच्या दोन नोंदी होतात.

सर्वांत फसवी जागा शर्यतीची. ज्याच्या समोर किंवा शेजारच्या पट्ट्यांत पुढे शत्रूचं प्यादं नाही, त्याला मोकळं समजून दोन्हीकडच्या चाली मोजायच्या आणि निकाल लावायचा, हा मोह सुटत नाही. समजा पांढरा ई४ आणि डी६, काळा फक्त सी७, पाळी काळ्याची. ई४ मोकळं दिसतं, त्याला चार चाली लागतात, काळ्याला पाच. हिशेब म्हणतो पांढरा जिंकला. प्रत्यक्षात सी७ डी६ वर मारतं आणि ई५ वर पहारा बसतो. पांढऱ्याला ई५ शिवाय चाल नाही. तेही मारलं जातं आणि पांढरा हरतो. मोकळं प्यादं दोन पट्ट्या पलीकडच्या माऱ्याने अडू शकतं. त्यामुळे शत्रूला आता किंवा शर्यतीत पुढे कुठलाही मारा शक्य नाही याची खात्री असेल तरच हा आडमार्ग घ्यावा.

शोधाऐवजी उलट दिशेनेही जाता येतं: कमी प्याद्यांच्या स्थिती आधी, आणि प्यादी तेवढीच असतील तर एकूण जास्त पुढे सरकलेल्या आधी. एकूण सारख्याच पुढे सरकलेल्या स्थितींचा एक थर. दुहेरी चालीमुळे तेवढ्याच प्याद्यांचे पुढचे दोन थर हाताशी लागतात, माऱ्यासाठी एक प्यादं कमी असलेल्या स्थितींची उत्तरं. बाकीचे थर डिस्कवर.

मोठा शोध लावण्याआधी छोट्या चाचण्या घ्या. सुरुवातीला १६ चाली आणि दोन चालींच्या खोलीवर २५६ वाटा मिळायला हव्यात. एकाच पट्टीच्या, आठ घरांच्या पटावर दुसरा जिंकायला हवा. पहिल्याने एक घर टाकलं तर त्याने एक टाकायचं, दोन टाकली तर दोन. आणि स्थिती व तिचं आरशातलं (डावं-उजवं उलटलेलं) रूप एकच मानायची युक्ती वापरत असाल, तर ती बंद करून चालवलं, तरी निकाल तोच यायला हवा. तो बदलला तर बहुधा पट्टीच्या कडेचा एखादा बिट निसटलेला असतो.